गुंतलेल्या अणूंतून ‘निरोप जातो’ का?

फोंड्याच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रिकेत मुलांनी ‘अतिशीत अणूंच्या क्वांटम गुंतवणुकीतून निरोप क्षणात जातो’ असं लिहिलंय. ‘एन्टँगलमेंट’ला, म्हणजे दूर असूनही दोन कणांच्या मापनांची उत्तरं एकमेकांशी जुळलेली असण्याला, ‘गुंतवणूक’ चालेल का?

नको. व्याकरणाची चूक नाही, पण गोव्यात तरी ‘गुंतवणूक’ वाचलं की आधी प्लॉटची जाहिरात आठवते! ‘गुंता’ही नको, गुंता सोडवायचा असतो आणि इथे तो टिकावा म्हणून सगळा आटापिटा. मी ‘गुंफण’ लिहितो. शिगम्यात गोफ पाहिलेल्या मुलांना तो लगेच कळेल: दोऱ्या वेगवेगळ्या हातांत, वीण एक. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरनं १९३५ साली याला जर्मनमध्ये ‘फेरश्रेंकुंग’ म्हटलं. हाताची घडी घालण्यालाही त्या भाषेत हेच क्रियापद आहे. ‘क्वांटम’ मात्र राहू द्या, ‘पुंज’ या मराठी प्रतिशब्दासाठी अडू नका.

मला जास्त खटकतं ते ‘निरोप जातो’. गुंफलेल्या दोन अणूंपैकी एकाचं मापन केलं तर उत्तर काय यावं, हे मापणाऱ्याच्या हातात नसतं. मग तो त्यातून सांगणार काय? पलीकडच्यालाही नुसती अनियमित उत्तरंच दिसतात. दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवल्या की ताळा जुळतो, आणि त्या नोंदी फोननं किंवा इंटरनेटनंच पाठवाव्या लागतात. म्हणजे प्रकाशाहून वेगानं काहीच गेलं नाही. ‘क्षणात’ हा शब्द तिथेच गळतो.

उपयोग वेगळाच आहे. जुळणाऱ्या उत्तरांतून दोघांकडे एकसारखी गुप्त किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करायचे आकडे, तयार करता येते. मध्ये कुणी डोकावलं तर ताळा बिघडतो आणि चोरी कळते. २०२२ साली म्युनिकच्या संशोधकांनी वेगवेगळ्या इमारतींतले दोन रुबिडियम अणू एकूण ३३ किलोमीटर फायबरच्या, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूच्या, मदतीनं गुंफल्याचं प्रसिद्ध केलं. अणू जागचे हलले नाहीत. प्रवास केला तो त्यांनी सोडलेल्या फोटॉनांनी, म्हणजे प्रकाशकणांनी. अणू थंड करायचे ते याचसाठी, की इकडेतिकडे धावणारा अणू सापळ्यात धरून ठेवता येत नाही आणि त्याची नाजूक अवस्था लवकर बिघडते. म्हणून लेसरनं त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे तापमानाच्या सर्वांत खालच्या मर्यादेच्या (उणे २७३.१५ अंश सेल्सिअस), अगदी जवळ नेतात.

तेव्हा मुलांना लिहू द्या: ‘अतिशीत अणूंच्या क्वांटम गुंफणीतून गुप्त संदेशांसाठी किल्ली तयार करता येते.’ ‘निरोप’ हवाच असेल तर ‘निरोप सुरक्षित राहतो’ म्हणा. ‘जातो’ तेवढं फायबरकडे सोपवा.