अमेरिकेतून आलेल्या एनटीएससी डीव्हीडी एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाल कशा करायच्या?

करूच नका.

भावाने मुलांच्या वाढदिवसांच्या डीव्हीडी अमेरिकेहून आणल्यात, त्या एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीच्या आहेत, घरी टीव्हीवर बघायच्यात, म्हणून पाल, म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीच्या करून हव्यात, असा तुमचा प्रश्न आहे. आपल्याकडचा अगदी स्वस्तातला प्लेअरही बहुधा दोन्ही वाजवतो. माळ्यावरून काढा, सेटअपमध्ये टीव्ही टाइप ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ करा. चित्र काळंपांढरं आलं किंवा वर सरकत राहिलं, तर डिस्कला दोष देऊ नका, सेटिंग चुकलंय.

डिस्कला दोष देण्यावरूनच लिहायला बसलोय. मी सांगलीत बरीच वर्षं लग्नाची शूटिंग केली. २००६ साली माझ्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं लग्न मीच शूट केलं. मिनी डीव्हीच्या तीन कॅसेटी, तीन तासांचा माल, दोन डीव्हीडी. दादा-वहिनी न्यू जर्सीला गेले, मागोमाग डिस्क गेल्या. आठवड्याने फोन आला, ‘तुझ्या डिस्क ब्लँक आहेत.’ ब्लँक नव्हत्या, पालच्या होत्या. तिकडचे प्लेअर तेव्हा बहुतेक फक्त एनटीएससी घ्यायचे. पण दादा सॉफ्टवेअरवाला, मी शूटिंगवाला, त्यामुळे घरात कोणाचं खरं ठरलं ते सांगायला नको.

मग त्यानेच उपाय सुचवला, ‘सोपं आहे, एनटीएससीचा प्रोजेक्ट उघड, त्यात टाक, एक्सपोर्ट कर.’ तुम्ही विचारताय तेच, फक्त उलट्या दिशेने. मी केलं. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तिथे प्रत्येक दाण्याला कंगव्यासारखे दात आले. कॅमेरा मांडवावरून फिरवला की चित्र धक्के खात होतं.

कारण साधं आहे, पण ते कुठल्याच बटणावर लिहिलेलं नसतं. पाल म्हणजे ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससी ७२०×४८०, सेकंदाला २९.९७. पण कॅमेऱ्यातून आलेली प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते. एका फील्डमध्ये विषम ओळी, दुसरीत सम, आणि पालमध्ये दोघींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. तेवढ्या वेळात अक्षता खाली आलेली असते. सॉफ्टवेअरने दोन क्षणांच्या ओळी एकत्र धरून ५७६ च्या ४८० केल्या, की दोन्ही क्षणांचा काला होतो. वर सेकंदाला पाच फ्रेम कमी पडतात, म्हणून काही फ्रेम दोनदा दाखवल्या जातात. धक्के त्याचे.

दुसऱ्या वेळी मी हुशारी केली. सिनेमावाले करतात तसं २५ चं २३.९७६ केलं, म्हणजे सगळंच चार टक्क्यांनी हळू. धक्के गेले, पण तीन तासांचं लग्न पावणेआठ मिनिटांनी लांबलं आणि सनई अर्ध्या सुराच्या जवळपास उतरली. आत्याने ऐकून विचारलं, ‘गुरुजींना सर्दी झाली होती का रे?’ ती डिस्क पाठवलीच नाही.

तिसऱ्या वेळी एव्हीसिंथ नावाचं व्हिडिओवर काम करणारं सॉफ्टवेअर शिकलो. आधी प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम करायची, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं. मग उंची ४८० वर आणायची, चित्रांचा वेग ५९.९४ करायचा, आणि शेवटी पुन्हा फील्ड विणायच्या. पेंटियम फोरवर दोन रात्री मशीन चालू होतं. न्यू जर्सीत डिस्क चालली. दादाचं म्हणणं काय, तर ‘बघ, आधीच्या खराबच होत्या!’

वर आणखी एक. ‘तू मुळात एनटीएससीतच शूट का नाही केलंस?’ हे तो अजून म्हणतो. एक तर इथे मिळणारे कॅमेरे पालचे. १९८२ च्या एशियाडला दूरदर्शन रंगीत झालं तेव्हापासून आपण पालवाले. आणि कॅमेरा एनटीएससीचा आणला असता तरी कार्यालयातल्या ट्यूबलाइट कुठे बदलणार? आपली वीज ५० हर्ट्झची, चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. कॅमेरा सेकंदाला साठ फील्ड घेणार, म्हणजे दोघांचा ताल जमत नाही आणि अख्खा हॉल फडफडताना दिसतो. दादाने हे करून बघावं. मी कॅमेरा देतो.

असो, तुमच्या डिस्क. प्लेअर नसेल तर मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने डिस्कवरच्या प्रत्येक चित्रफितीची एक सलग फाइल करून घ्या. डिस्कवरच्या व्हिडिओ_टीएस फोल्डरमधले व्हीओबी नावाचे व्हिडिओचे तुकडे सुटे सुटे टाइमलाइनवर ओढू नका. ते गीगागीगाला कापलेले असतात, सांध्यावर आवाज अडखळतो. मग हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिइंटरलेस (विणलेल्या फील्ड सुट्या करणं) चालू करून ‘बॉब’, म्हणजे प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम, निवडा, फ्रेमरेट ५९.९४ ठेवा, एमपी४ काढा आणि पेनड्राइव्ह टीव्हीला लावा. फाइलला पाल-एनटीएससीचं सोयरसुतक नसतं. चित्राचा आकार हाताने बदलू नका, नाहीतर मुलं लांबुडकी किंवा बुटकी दिसतील. केक कापण्याआधीचा अर्धा तास उडवायचाच असेल, तर एडिटिंग सॉफ्टवेअर जरूर वापरा, पण प्रोजेक्ट मूळ डिस्कसारखा, २९.९७ चाच ठेवा.

दोन गोष्टी राहिल्या. हे सगळं घरच्या डिस्कबद्दल झालं. विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कला कुलूप असतं आणि वर रीजन कोड, म्हणजे डिस्क कुठल्या भागात चालेल त्याचा आकडा, अमेरिकेचा १, आपला ५. तो पाल-एनटीएससीपेक्षा वेगळा प्रश्न आहे आणि कायद्याचाही आहे, त्यात मी पडत नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन मात्र गंमत म्हणून बदलत बसू नका, पाचच वेळा बदलता येतो, मग तो तिथेच अडकतो. दुसरं, डिस्क कॅमकॉर्डरवर किंवा रेकॉर्डरवर भरलेली असेल आणि फायनलाइझ, म्हणजे इतर प्लेअरना वाचता येईल अशी बंद, करायची राहिली असेल, तर ती खरोखर ब्लँक दिसेल. तेव्हा भावाला विचारा, तो रेकॉर्डर अजून आहे का.

माझ्या २००६ च्या दोन्ही डिस्कच्या जोडप्रती कपाटात आहेत. मागच्या दिवाळीला लावल्या होत्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत चालल्या. दादा गणपतीला येतोय.