ह्यूगोचे नियम बदलायचेत? मग आधी हे वाच

ह्यूगो हे विज्ञानकथा आणि फँटसीचे पुरस्कार, आणि त्यांचे नियम ठरतात वर्ल्डकॉन या वार्षिक विज्ञानकथा संमेलनाच्या बिझनेस मीटिंगमध्ये, म्हणजे सदस्यांच्या सभेत. तिथे पहिल्यांदाच जातोयस, तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव: या नियमांच्या घटनेत दुरुस्ती एका वर्षात होत नाही. यंदाच्या सभेत मंजूर झालेला ठराव पुढच्या वर्षीच्या वर्ल्डकॉनमध्ये पुन्हा मंजूर व्हावा लागतो, तेव्हाच तो लागू होतो. नामांकनं मोजण्याची 'ई प्लुरिबस ह्यूगो' पद्धत बघ. 2015 ला स्पोकेनच्या वर्ल्डकॉनमध्ये पहिली मंजुरी, 2016 ला कॅन्सस सिटीच्या वर्ल्डकॉनमध्ये दुसरी, आणि प्रत्यक्ष वापर 2017 पासून. एखाद्या गटाने ठरवून एकगठ्ठा नामांकनं दिली तर अंतिम यादीतल्या सगळ्या जागा त्यांच्याच पदरात पडू नयेत, हा तिचा हेतू. म्हणजे तेव्हा अशा एकगठ्ठा नामांकनांमुळे आग लागलेली असूनही वाट बघावीच लागली. चिडू नकोस. घाईत केलेले नियम नंतर निस्तरणं फार त्रासाचं असतं.

अजेंडा आधी नीट वाच. भाषणाला मिनिटं मोजून मिळतात, त्यामुळे तुझा मुद्दा आधीच कुणी मांडला असेल तर गप्प बसणंच शहाणपणाचं. सभा रॉबर्ट्स रूल्सवर, म्हणजे सभा चालवण्याच्या प्रसिद्ध अमेरिकन नियमावलीवर चालते. अडलास तर सरळ अध्यक्षांना विचार, कुणी हसत नाही.

हात वर करून निकाल स्पष्ट झाला नाही, तर एकेकाला उभं करून रांगेने आकडे म्हणायला लावतात. तेव्हा चहाला उठू नकोस. दोन-चार मतांनी ठराव पडू शकतो.

आणि दुरुस्ती सुचवायची असेल, तर नेमकी शब्दरचना लिहूनच ने.