अमेरिकेतल्या जुन्या मोटेलांचे स्विमिंग पूल बुजवलेले का दिसतात?

तुम्ही विचारलंय की हायवेच्या जुन्या मोटेलांसमोर (मोटेल म्हणजे गाडीने जाणाऱ्यांसाठीचं रस्त्याकडेचं लॉज) जिथे पूल होता, तिथे आता माती नाहीतर पार्किंग का दिसतं. बहुतेक जण देखभालीच्या खर्चाचं कारण देतील. पण खर्च तर पहिल्या दिवसापासून होताच की! तो परवडेनासा का झाला, हा खरा प्रश्न.

माझ्या मते तो पूल पोहण्यापेक्षा दाखवण्यासाठीच जास्त होता. अनेक मोटेलांचा पूल मागे आडोशाला नसून पुढे, रस्त्याला लागून असायचा. शेजारून ट्रक धडधडत जातायत, तिथे निवांत कोण डुंबणार? पण दिवसभर वाळवंटातून गाडी हाकून वैतागलेल्या बापाला आणि मागच्या सीटवर भांडणाऱ्या पोरांना ते निळं पाणी दिसलं की गाडी आत वळायची.

‘मोटेल’ हे नाव १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पोला आलं, पण पुलांचं पीक आलं ते महायुद्धानंतर. काँक्रीट फवारून पूल बांधणं स्वस्त झालं होतं. १९५२ मध्ये केमन्स विल्सन यांनी मेम्फिसला हॉलिडे इन या साखळीचं पहिलं मोटेल काढलं: खोलीत टीव्ही, बाहेर पूल, आईवडिलांसोबतच्या मुलांचे वेगळे पैसे नाहीत. मग दहा खोल्यांच्या मालकालाही खड्डा खणणं भागच पडलं.

अर्थात हे पाणी सगळ्यांसाठी नव्हतं; अनेक ठिकाणी काळ्यांना त्यात उतरायला बंदी होती. १८ जून १९६४ ला फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनच्या मॉन्सन मोटर लॉजमध्ये काळे आणि गोरे आंदोलक एकत्र पुलात उतरले, तेव्हा मोटेलच्या मॅनेजरने पाण्यात आम्ल ओतलं. त्याचे फोटो जगभर छापून आले. दुसऱ्याच दिवशी सिनेटने वर्णभेदाविरुद्धचं नागरी हक्क विधेयक मंजूर केलं. त्या काळच्या रम्य पोस्टकार्डांवर यातलं काही दिसत नाही.

मग रस्ताच सरकला. १९५६ च्या कायद्याने इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांना जोडणारे मोठे महामार्ग, आले आणि गावाला वळसा घालून गेले. आता मुक्काम ठरायचा तो महामार्गावरून बाहेर पडायच्या फाट्याजवळच्या उंच पाटीवरून. रूट ६६ सारख्या जुन्या रस्त्यावरचा पूल बघायला गाड्याच उरल्या नाहीत. जाहिरात गेली, क्लोरीन आणि विम्याचं बिल मात्र येत राहिलं. विमेवाल्यांच्या धास्तीने आधी डायव्हिंग बोर्ड गेले. २००७ च्या कायद्याने पाणी खेचणाऱ्या तळाच्या जाळ्या बदलायला लावल्या, पुढे अपंगांना पाण्यात उतरवणाऱ्या लिफ्टचा नियम आला. दोन्ही नियम योग्यच आहेत. पण ज्याच्या निम्म्या खोल्या रिकाम्या, त्याने हिशेब मांडला आणि मातीचा ट्रक मागवला.

न्यू मेक्सिकोत अशाच एका मोटेलात आम्ही राहिलो. मालक सुरतकडचे काका (अमेरिकेतली जवळपास निम्मी मोटेलं भारतीय वंशाच्या, त्यातही बहुतेक गुजराती मंडळींकडे आहेत म्हणतात). पूल बुजवलेला, पण उतरायचा स्टीलचा कठडा तसाच उभा आणि काठाच्या टाइलवर ‘८ फूट’ अजून वाचता येत होतं. आत मेथी आणि मिरच्या. पूल होता तेव्हा गिऱ्हाईक वाढायचं का, असं विचारलं तर काका हसले. म्हणाले, आम्ही घेतलं तेव्हाच त्यात बेडूक होते. सकाळी निघताना त्याच मेथीचे थेपले बांधून दिले.