बाबांच्या स्वेटरला बटणं लावू की झिप?

प्रश्न: ताई, माझ्या बाबांसाठी (वय ७९) पुढून उघडा स्वेटर विणलाय. पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या तयार आहेत, फक्त जोडायचं राहिलंय. अंग आठ नंबरच्या सुयांवर साध्या सुलट विणीत आहे, गळा व्ही आकाराचा घटवलाय. बाबा निफाडजवळ राहतात, तिथल्या थंडीबद्दल वेगळं सांगायला नको. त्यांच्या बोटांना संधिवात आहे, शर्टाची बटणं लावतानाही त्रास होतो. म्हणून माझे मिस्टर म्हणतात झिप लाव. आई म्हणते, हाताने विणलेल्या स्वेटरला बटणंच शोभतात. शिवाय करड्या लोकरीचा दीडच गुंडा उरलाय आणि दुकानात तो रंग आता मिळत नाही. पुढच्या भागांच्या कडा आत वळतायत, त्यामुळे शिवायला हात धजावत नाही. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर: माझं मत तुमच्या आईच्या बाजूने, पण शोभेसाठी नाही. विणलेलं कापड ताणलं जातं, झिप तसूभरही ताणली जात नाही. माणूस खुर्चीत बसला की पोटापाशी स्वेटर दबतो आणि झिप मध्येच फुगून वर येते. दुसरं म्हणजे बाबांची बोटं. झिप वर ओढणं सोपं असतं हे खरं, पण आधी खाली वाकून तिचं एक टोक दुसऱ्या बाजूच्या खाचेत बसवावं लागतं. त्याला दोन्ही हातांच्या चिमटीत जोर लागतो, आणि संधिवातात नेमका तोच जोर जातो.

तरीही निर्णय तुम्ही, मी किंवा आईने घ्यायचा नाही. पुढच्या खेपेला घरी जाल तेव्हा एक झिपचं जाकीट आणि एक मोठ्या बटणांचा जुना स्वेटर बाबांच्या हातात द्या आणि शेजारी बसून बघा. फोनवर विचारलंत तर ते "काहीही चालेल गं" म्हणतील. सकाळच्या वेळी बघा, तेव्हा बोटं जास्त आखडलेली असतात. झिप त्यांना खरंच सहज जमली तर झिपच लावा. मात्र ती हातशिलाईने लावा, आणि स्वेटर सपाट ठेवून, न ताणता आधी टाचून घ्या.

बटणं लावायची ठरली तर शर्टाची बटणं डोळ्यांपुढून काढून टाका. २५ मिलिमीटरची, जाड काठाची बटणं घ्या, गुळगुळीत चपटी नकोत. सात-आठची गरज नाही, पाच पुरेत. पुरुषांच्या स्वेटरला काजं डाव्या पट्टीवर आणि बटणं उजव्या पट्टीवर येतात. एरवी मी काज बटणापेक्षा थोडं लहान ठेवायला सांगते, कारण विणलेलं काज वापराने सैल होतं. बाबांसाठी मात्र ते बटणाएवढंच ठेवा. बटण शिवताना खाली आगपेटीची काडी धरून शिवा, मग काडी काढून दोऱ्याचे वेढे द्या, म्हणजे बटणाला मान तयार होते आणि ते बोटांत नीट धरता येतं. आतल्या बाजूला एक छोटं साधं बटण ठेवून दोन्ही एकत्र शिवलीत तर वीण ओढली जाणार नाही. टिचबटणांचा मोह टाळा, ती दाबायलाही जोर लागतो आणि उघडताना वीण खेचली जाते. चुंबकाची बटणं सोपी असतात, पण बाबांना पेसमेकर असेल तर त्यांचा विचारही करू नका.

आता कडा. साध्या सुलट विणीच्या कडा वळतातच, तुमच्या हातात काही दोष नाही. शिवण आणि पट्टी आली की त्या बसतात. मात्र शिवण्याआधी भाग धुऊन सपाट वाळवा, आणि त्याआधी लोकर कसली आहे ते बघा. बोटभर धागा स्टीलच्या ताटलीत पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर ती खरी लोकर. वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक. खरी लोकर गार पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि मापाला लावून टाचण्यांनी सपाट अडकवा. ती वाळल्यावर त्याच आकारात राहते. अॅक्रिलिक पाण्याने तसं बसत नाही, पण म्हणून त्यावर इस्त्री फिरवू नका. उष्णतेने वीण लुळी पडते, चमकायला लागते आणि मग ती कशानेही परत येत नाही.

शिवताना भाग उलटे करून वरून टाके मारायची आपल्याकडे सवय आहे, त्याने आत जाड दोरी तयार होते. सुलट बाजू वर ठेवून दोन्ही कडा शेजारी मांडा. काठाचा टाका आणि त्याच्या शेजारचा टाका यांच्या मधली आडवी दांडी एकदा या बाजूची, एकदा त्या बाजूची उचला आणि चार-पाच टाक्यांनी धागा हलकेच ओढा. शिवण दिसतही नाही. आधी खांदे, मग बाह्या मुंढ्याला, शेवटी कुशी आणि बाहीची खालची शिवण एका दमात.

खरं लक्ष पट्टीकडे द्या. स्वेटर घरगुती दिसतो की देखणा, ते तिथे ठरतं. पट्टी दहा नंबरच्या सुयांवर घाला (नव्या सुयांवर ३.२५ मिलिमीटर छापलेलं असतं). दर चार ओळींमागे तीन टाके उचला. कारण टाका उंचीपेक्षा रुंद असतो. तुमच्या जाडीच्या लोकरीत १० सेंटिमीटरमध्ये साधारण २२ टाके आणि ३० ओळी बसतात. प्रत्येक ओळीला टाका उचललात तर पट्टीला झालर पडेल, फार कमी उचललेत तर पुढचा भाग वर ओढला जाईल. गळ्याच्या तिरक्या कडेलाही हाच हिशेब ठेवा, फक्त मागच्या मानेवर प्रत्येक टाका उचला. लांब गोल सुई घेऊन उजव्या खालच्या टोकापासून मानेवरून डाव्या टोकापर्यंत पट्टी एकसंध विणा. एक सुलट एक उलट, तीनेक सेंटिमीटर रुंद. काजं मधल्या ओळीत येऊ द्या. टाके बंद करताना आठ नंबरची सुई घ्या, म्हणजे कड आवळणार नाही.

लोकर पुरेल का, याचा अंदाज बांधत बसू नका. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर गुंडा तोला, पट्टीच्या दोन ओळी विणा, परत तोला. उरलेल्या ओळींचं गणित तिथेच होतं. शिवायला लागणारी लोकर मात्र आधी बाजूला काढा. पुरत नसेल तर करड्याच्या जवळपासची छटा शोधत फिरू नका. थोडासा वेगळा करडा उन्हात चटकन ओळखू येतो आणि लोकर संपली म्हणून लावल्यासारखा दिसतो. सरळ गडद निळा किंवा मरून घ्या, जाडी तीच आणि जात तीच. पूर्ण पट्टी त्या रंगात करा आणि बाह्यांच्या मनगटापाशीही त्याच्या दोन ओळी आणा. त्यासाठी बाही उसवायची गरज नाही, सुईने टाक्यावर टाका गिरवलात तरी चालेल. बटणं पट्टीच्याच रंगाची घेऊ नका, वेगळ्या रंगाची घ्या. बाबांना ती पटकन दिसायला हवीत.