बुजऱ्या मांजरीला हवं सबुरीचं घर

या वेळी आलेल्या प्रश्नांत बुजऱ्या मांजरांबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं पावसाळ्यापर्यंत शेल्टरमध्ये येतात आणि त्यांना घरंही पटापट मिळतात. मागे उरतात ती मोठी, कोपऱ्यात अंग चोरून बसणारी मांजरं. त्यांच्यासाठी घर शोधणारे आणि त्यांना घरी आणून बुचकळ्यात पडलेले, अशा दोघांनाही आज एकत्रच उत्तरं देते आहे.

प्रश्न : मी पुण्यातल्या एका शेल्टरमध्ये शनिवार-रविवार मदत करते. आमच्याकडे तीन वर्षांची एक कबरी मांजरी आठ महिन्यांपासून आहे. घरच्यांनी शहर सोडताना तिला आमच्याकडे दिलं. दिवसभर ती लिटर ट्रेमध्ये, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेल्या ट्रेमध्ये बसून असते, कोणी जवळ गेलं की फिस्कारते. लोक तिच्या पिंजऱ्यासमोरून पुढे निघून जातात. ती जरा धीट झाली की मग दत्तकाची पोस्ट टाकू, असं काहींचं म्हणणं आहे. आणि पोस्टमध्ये तिच्या भित्रेपणाबद्दल किती सांगावं?

वाट बघू नका, पोस्ट याच आठवड्यात टाका. शेजारी कुत्री भुंकत असतात, भांडी आदळत असतात, दर थोड्या वेळाने नवा माणूस पिंजऱ्यात हात घालतो. अशा जागी ती धीट होणार तरी कशी? तिच्या भीतीवरचा उपाय घर हाच आहे. आधी धीट हो, मग घर मिळेल, असं म्हणत आपण तिचे महिनेच्या महिने वाया घालवतो.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट ही की ती घरात वाढली आहे. मांजराचं पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाला आपलं मानायला शिकतं. त्या काळात माणसाचा हातच न लागलेलं रस्त्यावरचं मांजर मोठेपणी क्वचितच पूर्ण माणसाळतं. अशा मांजराची नसबंदी करून त्याला त्याच्याच गल्लीत परत सोडणं बरं. तुमची कबरी त्यातली नाही. तिला माणूस ठाऊक आहे, फक्त तिचं घर आणि तिची माणसं एका दिवसात नाहीशी झाली आहेत.

लिटर ट्रेमध्ये बसण्याचं म्हणाल, तर घाबरलेली मांजरं हे हमखास करतात. पिंजऱ्यात चार बाजूंनी कड असलेली ती एकच वस्तू असते, म्हणून ती तिथे दबकून बसते. एक पुठ्ठ्याचं खोकं घ्या, ती आत जाऊन पाठ भिंतीला टेकवू शकेल एवढं. आडवं ठेवा, तोंडावर जुनी ओढणी अर्धी सोडा. नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लपायला खोकं मिळालेली मांजरं बाकीच्यांपेक्षा लवकर सावरली होती. खोकं दिलं तर मांजर लोकांना दिसणार नाही, ही भीती सोडा. ट्रेमध्ये अंग आवळून बसलेल्या मांजरीपेक्षा खोक्यातून डोकावणारी मांजरी माणसाला जास्त थांबवते. जमलं तर पिंजरा वरच्या रांगेत, कुत्र्यांपासून लांब हलवा. पुसायला फिनाइल वापरत असाल तर ते मात्र आजच बंद करा, मांजरांना ते विषारी असतं.

एकदा तिचं तोंडही तपासून घ्या. सुजलेल्या हिरड्या आणि दुखरे दात असलेलं मांजर हात जवळ आला की फिस्कारतंच, आणि आपण त्याला स्वभाव म्हणून मोकळे होतो.

आता पोस्ट. सगळं सांगा. ‘अतिशय गोड, फक्त थोडी लाजाळू’ असं लिहून आलेलं घर दोन आठवड्यांत तिला परत आणून देतं, आणि परत आलेलं मांजर आधीपेक्षा जास्त मिटतं. मी असं लिहीन : ‘तीन वर्षांची कबरी मांजरी. नसबंदी आणि लसीकरण झालेलं. लहानपणापासून घरात राहिलेली. अनोळखी माणसाला घाबरते, फिस्कारते, पण आजवर कोणाला चावलेली नाही. पहिले काही आठवडे ती तुम्हाला दिसणारही नाही. ट्रे नीट वापरते. रात्री दिवे मालवले की खेळते. शांत घर हवं, लहान मुलं आणि कुत्रा नको. मांडीवर बसेलच असं वचन देत नाही.’ यातलं तुम्हाला नक्की ठाऊक असेल तेवढंच ठेवा. फोटो तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून आणि फ्लॅशशिवाय काढा.

फोन कमी येतील, येऊ देत. जे येतील त्यांना उत्पन्न आणि घराचं क्षेत्रफळ विचारण्याआधी एक प्रश्न विचारा : ‘सहा महिने ती तुमच्याजवळ आलीच नाही, तर काय कराल?’ ‘येईल हो, आमच्याकडे सगळी मांजरं येतात’ म्हणणाऱ्याला दुसरं, धीट मांजर दाखवा. ‘नाही आली तर नाही, जेवली-खेळली म्हणजे झालं’ म्हणणाऱ्याचा नंबर जपून ठेवा.

आणि दत्तक घर मिळेपर्यंत कोणाच्या तरी रिकाम्या खोलीत तिला फॉस्टर म्हणून ठेवता आलं तर शेल्टरमध्ये आठ महिन्यांत न दिसलेली मांजरी तिथे दिसेल. त्या खोलीत रात्री मोबाइल लावून घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओ, ज्यात ती दोरीमागे धावते आहे, तुमच्या सगळ्या पोस्टपेक्षा जास्त काम करेल.

प्रश्न : आम्ही ठाण्यात वन बीएचकेमध्ये राहतो, दोघंही नोकरी करतो. शेल्टरमधून आणलेली मांजरी नऊ दिवस पलंगाखाली आहे. आम्ही झोपल्यावरच खाते. तीन दिवसांत रुळते असं ऐकलं होतं. आमचं काही चुकतंय का?

नऊ दिवस म्हणजे काहीच नाही. तीन दिवसांत भीती ओसरते, तीन आठवड्यांत सवय होते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं, हे गणित सर्वसाधारण मांजरासाठी आहे. बुजऱ्या मांजराला सहा महिनेही लागतात, काहींना वर्ष. ती खाते आहे, ट्रेमध्ये शी-शू होते आहे, म्हणजे सगळं ठीक चाललं आहे. मात्र कुठल्याही कारणाने पूर्ण चोवीस तास खाणं सुटलं तर डॉक्टरांना फोन करा आणि दोन दिवस झाले तर सरळ घेऊन जा. उपाशी मांजराच्या शरीरातली चरबी यकृतात साचते आणि ते जिवावर बेततं. लठ्ठ मांजरात तर फार लवकर. शिंका आणि डोळ्यांतून पाणी हेही बघत राहा. मांजरांच्या हर्पिस विषाणूचा मुक्काम शरीरात कायम असतो आणि जागा बदलण्याच्या ताणाने तो डोकं वर काढतो.

तिची जागा लहान करा. बेडरूममध्येच पाणी, खाणं आणि ट्रे ठेवा. ट्रे खाण्यापासून लांब, दाराच्या वाटेत नको. पलंगाखालून ओढून काढू नका, झाडूने हुसकावू नका. पलंगाखालीच दोन तोंडांचं खोकं सरकवा, म्हणजे लपण्याची जागाही राहील आणि पुढे ते खोकं रोज थोडं थोडं बाहेरही आणता येईल.

मग रोज ठरावीक वेळी जमिनीवर बसा. तिच्याकडे रोखून पाहू नका, पेपर मोठ्याने वाचा, ऑफिसचा मेल वाचा, काहीही. तिला तुमचा आवाज एका जागी, एका पट्टीत ऐकू यायला हवा. नजरानजर झाली तर डोळे अर्धे मिटा, हळूच बंद करा आणि मान वळवा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात असे डोळे मिटणाऱ्या माणसाला मांजरं उलट डोळे मिटून दाद देत होती, आणि अनोळखी माणूस असला तरी त्याच्याकडे जास्त वळत होती. खर्च शून्य, करून बघाच.

खाण्यातून मैत्री लवकर होते. बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेला बांगडा, कांदा-लसूण अजिबात नको. लांब दांड्याच्या चमच्यावर बोटभर घास ठेवून चमचा तिच्यापासून हातभर लांब जमिनीवर टेकवा आणि स्थिर राहा. पहिल्या दिवशी ती फक्त नाक हलवेल. कधीतरी ती मान लांब करून चाटेल. त्या दिवशी तेवढंच. पुढे चमचा आखूड होत जातो, शेवटी बोट उरतं. बोट तिच्या नाकाच्या उंचीला धरा. तिने स्वतः गाल घासला तर गालावर दोन-तीनदा खाजवा आणि हात मागे घ्या. डोक्यावरून येणारा हात तिला झडप वाटतो. तिला आणखी हवं असेल तर ती पुढे सरकेल, आणि तसं सरकणं हेच तुम्ही इतके दिवस मागत होतात.

प्रगती कशी ओळखायची, तर खाणं संपल्यावर पळून न जाता तिथेच अंग चाटत बसली, तुम्ही खोलीत असताना कुशीवर आडवी झाली, शेपूट वर करून दोन पावलं आली. घुरघुरीवर एकटीवर विसंबू नका, भ्यालेलं किंवा दुखणारं मांजरही घुरघुरतं.

दिवाळीत मात्र तयारीत राहा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा किंवा टीव्हीचा आवाज आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात मऊ जागा. त्या आठवड्यात पाहुण्यांना तिची ओळख करून देऊ नका. बाकीच्या वाचकांनाही सांगते, बुजरं मांजर गणपती ते दिवाळी या दिवसांत घरी आणू नका. ढोल-ताशा आणि फटाके हीच नव्या घराची पहिली आठवण ठरते.

प्रश्न : आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. कोल्हापूरजवळच्या एका शेल्टरमधलं घाबरट मांजर बघून तो रडला, तेच हवं म्हणतो. आणावं का?

हे मांजर नको. मुलाच्या मायेत खोट नाही, पण पाच वर्षांच्या मुलाला तीन महिने हात न लावता बसवणं हा त्याच्यावरही अन्याय आहे. एक दिवस तो पलंगाखाली हात घालणार आणि बोचकारून घेणार. (चावलं-बोचकारलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टर गाठायचा. हे सर्वच घरांना लागू.) त्याच शेल्टरमध्ये माणसांच्या पायात घोटाळणारा एखादा मोठा बोका नक्की असेल. त्याला आणा.

प्रश्न : माझं वय ७१. पत्नी गेल्यापासून नाशिकला एकटाच असतो. शेल्टरवाल्यांनी वयामुळे पिल्लू द्यायला नकार दिला. मग माझ्यासारख्याने मांजर पाळूच नये का?

काका, पिल्लू दिलं नाही हे बरंच झालं. पिल्लू पडदे चढतं, पायात येतं आणि पुढची पंधरा वर्षं सोबत मागतं. पण सहा-आठ वर्षांचं बुजरं मांजर तुमच्यासारख्याचंच घर शोधत असतं. तुमच्याकडे ते आहे जे तरुण जोडप्यांकडे पैसे देऊनही नसतं : रोज तीच वेळ, तीच खुर्ची, तोच आवाज. दार धाडकन आपटत नाही, गाणी जोरात लागत नाहीत. अशा घरात भित्रं मांजर उमलतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

शेल्टरची काळजीही खरी आहे, म्हणून त्यांच्याकडे तयारीने जा. आजारपणात किंवा पुढे कधी मांजराचं कोण बघेल, त्या माणसाचं नाव, फोन आणि त्याचा होकार कागदावर लिहून न्या. डॉक्टरकडे ने-आण कोण करेल तेही. आणि शब्द वापरा : ‘मला मोठं, घाबरट मांजरही चालेल.’ हे वाक्य शेल्टरवाल्यांना फार कमी वेळा ऐकायला मिळतं.

घेताना कॅरियर वरून उघडणारा घ्या, वाकून ओढाओढ करावी लागत नाही. तो कायम उघडा ठेवा, आत जुना टॉवेल, कधी तिथेच खाऊ. फार घाबरणाऱ्या मांजराला दवाखान्यात नेण्याआधी द्यायची औषधं असतात, ती डॉक्टरांनाच विचारा. आपल्या डब्यातली गोळी कधीच देऊ नका. साधी पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते.

प्रश्न : सोसायटी आणि घरमालक दोघंही मांजराला विरोध करतात. कायदा काय सांगतो?

पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी सोसायटीला घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांमध्ये आहे. घरमालकाचं वेगळं आहे. त्याची परवानगी भाडेकरारात लेखी घ्या आणि मगच मांजर आणा. अकरा महिन्यांनी घर सोडताना मांजर परत करण्याची वेळ बुजऱ्या जिवावर येऊ देऊ नका.

प्रश्न : डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावरून, कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी कुरतडून आमची नवी मांजरी निसटली. दोन दिवस हाका मारतोय. ती लांब गेली असेल का?

बहुधा नाही. हरवलेल्या मांजरांच्या २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं ५०० मीटरच्या आतच सापडली होती. भ्यालेलं मांजर तर पहिल्या आडोशाला दडी मारतं आणि आवाज करत नाही. तुमच्याही हाकेला ओ देणार नाही. त्यामुळे हाका थांबवा आणि शोधा. जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, पंपाच्या मागे, गाड्यांच्या खाली, शेजारच्या इमारतीच्या पत्र्यावर. रात्री दोननंतर टॉर्च घेऊन फिरा, डोळे चमकतात. वॉचमनला आणि मांजरांना खाऊ घालणाऱ्या बायकांना फोटो द्या, त्यांना आवारातलं प्रत्येक मांजर ठाऊक असतं. खाणं रोज एकाच जागी, एकाच वेळी ठेवा. दिसली तर मागे धावू नका, शेल्टरकडून पकडण्याचा पिंजरा मागवा. दुसऱ्या मजल्यावरून उतरताना पडली असेल, तर सापडल्यावर चालते आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. छातीला आणि जबड्याला लागलेलं वरून दिसत नाही, त्याच दिवशी तपासून घ्या. परत आली की खिडक्यांना स्टीलची जाळी.

प्रश्न : पाच महिने झाले. मांजरी आमच्या बोक्याला घाबरून कपाटावरून उतरत नाही, आता तर ट्रेबाहेर घाण करते. परत द्यावी म्हटलं तर अपराधी वाटतं.

आधी लघवी तपासून घ्या, ट्रेबाहेर जाणं हे पुष्कळदा मूत्रमार्गाच्या दुखण्याचं लक्षण असतं. तब्येत ठीक निघाली, तर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून महिनाभर सगळं नव्याने करा : आधी बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांचं खाणं, मग अंथरुणांची अदलाबदल, मग जाळीतून दर्शन. ट्रे दोन मांजरांना तीन हवेत.

तेही करून ती कपाटावरच राहिली, तर परत द्या. बोका नसलेलं घर तिला मानवेल, आणि ते शोधायला शेल्टरला तुमचीच मदत होईल. पाच महिन्यांत तुम्हाला जे कळलं ते एका पानावर लिहा : काय खाते, कशाला दचकते, कुठे खाजवलेलं आवडतं, बोक्याशी नेमकं काय झालं. तिची चादर न धुता सोबत द्या. आणि शक्य असेल तर नवं घर मिळेपर्यंत तिला तुमच्याच एका खोलीत राहू द्या, म्हणजे शेल्टरचा पिंजरा चुकेल.