नव्या कृषी सहायक मुलीस पत्र

प्रिय बेटा,

सभेत तू औषधाचे प्रमाण दहा लिटर पाण्यामागे सांगितलेस, शेतकऱ्याने तेवढेच औषध सोळा लिटरच्या बॅटरी पंपात टाकले, पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीवरची, अळी मेली नाही आणि आता तो गावभर तुझ्या नावाने ओरडतो आहे. ‘मी नीट सांगितले होते, मग दोष माझा कसा?’ असे तू विचारतेस. दोष निम्मा तुझा आणि निम्मा त्याचा आहे. ऐकणाऱ्याने परत सांगितल्याशिवाय आपले सांगणे पुरे होत नाही, हे मी नोकरीभर धरून बसलो आणि आजही त्यातून तसूभर हलणार नाही.

सभेतले ‘हो जी’ बहुधा आदरापोटी येते. ती समजल्याची पावती धरू नकोस. ‘दादा, तुमचा पंप किती लिटरचा? त्यात औषध किती घालणार?’ असे विचार आणि उत्तर येईपर्यंत पुढे सरकू नकोस. रेल्वेत गाडी सोडण्यापूर्वी दोन स्टेशन मास्तर एकमेकांना प्रायव्हेट नंबर, म्हणजे खात्रीसाठीचा गुप्त अंक, देतात. समोरच्याने दिलेला अंक वहीत चढला, तरच निरोप पोहोचला असे मानतात, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. माझ्या सभा लांबतात म्हणून वरिष्ठ चिडत असत. चिडोत! मी परत सांगायला लावतच राहिलो, आणि ते योग्यच होते.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती, पण एक गोष्ट मला तेव्हापासून सलते आहे: सभेला मालक येतो आणि पंप मजुराच्या पाठीवर असतो. डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा, हे मालकाने ऐकले तरी वावरात ते कोण सांगणार? म्हणून ऐकणाऱ्यालाही मोकळे सोडू नकोस. त्याला बिचारा समजून आपणच सगळे ओझे उचलणे हा त्याचा अपमान आहे. कळले नाही तर हात वर करणे हे त्याचे काम आहे, आणि ऐकलेले मजुरापर्यंत नेऊन त्याच्याकडून परत वदवून घेणे हेही त्याचेच काम आहे. प्रश्न विचारण्याची ही सवय माझ्या गावांत रुजली नाही, याची खंत मला आहे.

रुसून बसू नकोस. त्या शेतकऱ्याच्या घरी जा, त्याचाच पंप समोर ठेव, मोजमापाचे झाकण त्याच्या हातात दे आणि पाणी भरून त्यालाच हिशेब करू दे. पुढची सभा दुपारी घेऊ नकोस. मजूर वावरातून परतल्यावर संध्याकाळी घे आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचार.

तुझा,
काका