१९६६ची एमजीबी स्वतः दुरुस्त करायची आहे. कोणते मॅन्युअल घ्यावे?

तुम्ही १९६६ सालची एमजीबी रोडस्टर (उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली आहे, चाकांचे हब (ज्यावर चाक बसते तो भाग), ब्रेक आणि कार्बुरेटर ही कामे स्वतःच करण्याचा तुमचा विचार आहे, आणि त्यासाठी कंपनीचे मूळ वर्कशॉप मॅन्युअल घ्यावे, घरी काम करणाऱ्यांसाठी लिहिलेले मॅन्युअल घ्यावे की इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या स्कॅन प्रतीवर भागवावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते मुख्य पुस्तक म्हणून कंपनीच्या मॅन्युअलचे अधिकृत पुनर्मुद्रण घ्यावे आणि जोडीला घरगुती कामासाठीचे एक मॅन्युअल ठेवावे. पण कोणतेही पुस्तक विकत घेण्यापूर्वी ते नेमक्या तुमच्या गाडीविषयी आहे की केवळ तिच्या नावाच्या गाडीविषयी, हे पाहणे फार आवश्यक आहे.

एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे तयार होत होती आणि बाहेरून फारशी बदललेली दिसत नसली तरी आतून ती पुष्कळ बदलत गेली. सुरुवातीच्या १७९८ सीसी इंजिनात क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगे होती, १९६४च्या ऑक्टोबरपासून ती पाच झाली. तुमच्या गाडीच्या काळात बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, वीज तयार करायला डायनॅमो होता आणि गिअरबॉक्समधील पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर खरखर न होता पडावा यासाठीची रचना) नव्हते. १९६७च्या अखेरीस आलेल्या मार्क २ या सुधारित आवृत्तीत ऋण टोक बॉडीला गेले, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि चारही गिअरना सिंक्रोमेश मिळाले. त्याच वर्षी रोडस्टरचा मागचा ॲक्सलही बदलला. १९७४च्या उत्तरार्धात रबरी बंपर आले, गाडीची उंची वाढली आणि सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या जागी बारा व्होल्टची एकच बॅटरी बसू लागली. त्यामुळे मुखपृष्ठावर ‘एमजीबी’ एवढेच छापलेले पाहून पुस्तक घेतले आणि आतील गिअरबॉक्सचे प्रकरण नंतरच्या पेटीचे निघाले, तर त्या प्रकरणाचा तुम्हाला काहीही उपयोग नाही.

म्हणून आधी गाडीवरचे क्रमांक उतरवून घ्या. चेसिस क्रमांकाची सुरुवात ‘जीएचएन३’ अशी असेल तर ती मार्क २च्या आधीची रोडस्टर आहे. ‘जीएचएन४’ आणि ‘जीएचएन५’ या नंतरच्या गाड्या. इंजिनाचा क्रमांक वेगळा असतो आणि तो वेगळाच तपासावा, कारण जवळपास साठ वर्षांच्या आयुष्यात एखाद्या मालकाने इंजिन बदललेले असण्याची शक्यता बरीच असते. ‘१८जीबी’ हा उपसर्ग असेल तर तुमच्याकडे पाच बेअरिंगांचे, तुमच्या सालाला साजेसे इंजिन आहे. ‘१८जी’ किंवा ‘१८जीए’ असेल तर तीन बेअरिंगांचे. बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे हेही डोळ्यांनी पाहा, कारण अनेक मालकांनी पुढे ते उलटे करून घेतले आहे आणि अशा गाडीवर मूळ वायरिंगची आकृती जशीच्या तशी लागू पडत नाही. चांगल्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी किंवा शेवटच्या पुरवणीत हे क्रमांक देऊन कोणता मजकूर कोणत्या गाडीला लागू आहे ते सांगितलेले असते. जे पुस्तक हे क्रमांकच देत नाही, ते मी परत ठेवीन.

आता दोन प्रकारच्या पुस्तकांमधील फरक. कंपनीचे मॅन्युअल विक्रेत्याच्या कारखान्यातील प्रशिक्षित फिटरसाठी लिहिलेले असते. त्यात मापे, सहनमर्यादा (मापात चालणारा फरक) आणि घट्ट करण्याचे टॉर्क (पाना फिरवण्याचा जोर) नेमके असतात, परंतु गंजलेला बोल्ट कसा सोडवावा, भाग निघत नसेल तर आधी काय पाहावे, अशा गोष्टी त्यात नसतात, कारण वाचणाऱ्याला त्या ठाऊक आहेत असे गृहीत धरलेले असते. शिवाय ‘१८जी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकांची खास हत्यारे जागोजागी मागितलेली असतात (ही हत्यारांची मालिका आहे, तिचा इंजिनाच्या उपसर्गाशी संबंध नाही). घरगुती कामासाठीची मॅन्युअले याच उणिवेतून जन्माला आली. जॉन हेन्स हे ब्रिटिश हवाईदलात एडनला (आजच्या येमेनमध्ये) असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट ही छोटी स्पोर्ट्स कार दुरुस्त करायला मदत करत होते. सामान्य मालकाला कंपनीचे मॅन्युअल पुरेसे पडत नाही हे त्यांच्या लक्षात आले आणि खोलताना-जोडताना काढलेल्या छायाचित्रांवर आधारलेले त्यांचे पहिले मॅन्युअल १९६६ साली निघाले. या पद्धतीचे बळ छायाचित्रांत आहे: माखलेल्या, झिजलेल्या खऱ्या भागावर हात कुठे धरला आहे हे दिसते. मर्यादा अशी की एकच गाडी खोललेली असते, आणि ती तुमच्या सालाची असेलच असे नाही.

दोन्ही प्रकारांत ‘बसवताना हाच क्रम उलटा करावा’ हे वाक्य भेटते. पुस्तकाची पारख करण्यासाठी मी हे वाक्य जिथे पुरत नाही असे एखादे काम उघडून पाहतो, आणि तुमच्या यादीतील पुढच्या चाकाचा हब त्यासाठी अगदी योग्य आहे. या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंगे असतात, त्यांच्यामध्ये एक स्पेसर असतो आणि स्पेसर व बाहेरचे बेअरिंग यांच्यामध्ये शिम म्हणजे पातळ चकत्या असतात. नट घट्ट केल्यावर दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्या, स्पेसर आणि शिम हे सगळे मिळून एकसंध दाबले जातात व त्यामुळे स्टब ॲक्सललाही (हब ज्यावर फिरतो त्या आखूड दांड्यालाही) बळकटी मिळते. बेअरिंगला किती ढिलाई राहावी हे शिमच्या जाडीवर ठरते, नट किती फिरवला यावर ठरत नाही. कंपनीची रीत अशी की आधी शिमशिवाय जोडून बेअरिंग नीट बसवावे, मग मुद्दाम जास्त शिम घालून ढिलाई मोजावी आणि ती ०.००२ ते ०.००४ इंच, म्हणजे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर, उरेल इतके शिम काढावेत. नट ४० पाउंड-फुटांपर्यंत आवळावा आणि स्प्लिट पिनचे (नट सुटू नये म्हणून घालायच्या पिनेचे) भोक जुळेपर्यंत पुढेच न्यावा, मात्र ७० पाउंड-फुटांच्या वर जाऊ नये. इतर अनेक गाड्यांच्या हबमध्ये नट आवळून थोडा मागे घेतात. तीच रीत एखादे पुस्तक या गाडीसाठी सांगत असेल, किंवा त्याच्या आकृतीत स्पेसर आणि शिम दिसतच नसतील, तर त्या पुस्तकाच्या इतर प्रकरणांवरही मी भरवसा ठेवणार नाही. पुस्तक घेण्यापूर्वी एवढी दोन पाने पाहायला मिळाली तरी निर्णयाला पुरेशी आहेत.

मापांच्या बाबतीत विशेष जपावे. त्या काळच्या पुस्तकांत टॉर्क पाउंड-फुटांत असतो, पण लहान बोल्टांसाठी काही ठिकाणी पाउंड-इंच वापरलेले असतात आणि दोहोंत बारा पटींचा फरक आहे. सिलिंडर हेडच्या नटांना ५० पाउंड-फूट लागतात, म्हणजे सुमारे ६८ न्यूटन-मीटर; तोच आकडा पाउंड-इंच म्हणून वाचला तर जेमतेम साडेपाच न्यूटन-मीटर होतात. तक्त्यात दोन्ही पद्धतींची मापे शेजारी छापलेली असतील तर ती आवृत्ती पसंत करावी. या गाडीवरील बहुतेक बोल्टांना यूएनएफ (इंचाच्या मापाचे बारीक) आटे आहेत आणि त्यांना इंचाचे पाने लागतात. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर १३ मिलिमीटरचा पाना चढतो खरा, पण तो किंचित सैल असतो आणि घट्ट बसलेल्या नटाचे कोपरे त्याने गोल होतात. हत्यारांविषयीचे प्रकरण हे स्पष्ट सांगत असेल तर ते नवख्याच्या फार उपयोगी पडते.

जुन्या पुस्तकातील काही सूचना मात्र आज पाळू नयेत. मागच्या ब्रेक ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवण्याची सूचना त्या काळच्या पुस्तकांत आढळते; जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ती धूळ कधीही उडवू नये, ओली करून पुसून घ्यावी आणि तोंडाला योग्य मास्क असावा. इंजिनाचे टायमिंग आणि व्हॉल्व्ह सीट यांविषयीचा मजकूर शिसेयुक्त पेट्रोल गृहीत धरून लिहिलेला असतो. उलट काही जुन्या गोष्टी आजही तशाच पाळायच्या असतात: या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचेच तेल घालतात, हायपॉइड गिअर तेल (जास्त दाब सोसणारे जाड तेल) मागच्या ॲक्सलसाठी असते. आधुनिक सवयीने यात बदल करू नये. अलीकडे छापलेल्या घरगुती मॅन्युअलचा मोठा लाभ इथे आहे, कारण सुरक्षिततेच्या सूचना त्यात काळाप्रमाणे सुधारलेल्या असतात.

सुट्या भागांची सूची हे वेगळे पुस्तक असते आणि ते अवश्य घ्यावे. प्रत्येक वॉशर कोणत्या बाजूला येतो हे त्यातील फाकवून दाखवलेल्या आकृत्यांतून जितके कळते तितके मॅन्युअलमधील लांबलचक वर्णनातून कळत नाही. मालकासाठीची छोटी पुस्तिका पातळ असली तरी तेल-पाणी, टायरमधील हवा आणि नियमित देखभाल यांसाठी तीच पुरते.

स्कॅन प्रत कामाच्या जागी वापरायला सोयीची असते. हवे ते पान छापून घ्यावे, ते तेलकट झाले तरी मूळ पुस्तक स्वच्छ राहते. परंतु केवळ तिच्यावरच अवलंबून राहायचे असेल तर आधी पानांचे क्रमांक सलग आहेत का ते पाहावे, दशांश चिन्हे स्पष्ट उमटली आहेत का ते टॉर्कच्या आणि ढिलाईच्या तक्त्यांत तपासावे, आणि वायरिंगची आकृती दोन पानांवर पसरलेली असेल तर मधल्या घडीत तारा तुटल्या नाहीत ना, हे प्रत्येक तारेवर बोट फिरवून पाहावे.